वळून गेलेलं वादळ

प्रिय धाकट्या,

मामा आज सकाळच्या बसने तुमच्याकडे निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते आहे. कदाचित तू ते न उघडताच फाडशील. तुझा राग नाकावर नसतो, पोटात असतो, आणि पोटातला राग सहजी उतरत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आईच्या गुडघ्याचं मलमही मामांकडे दिलंय. चोळताना ती नको नको म्हणेल, तू ऐकू नकोस.

इकडचं म्हणशील तर, अण्णा गेल्यानंतर वेधशाळेत साहेबांनी मला पावसाचे आकडे तपासायच्या टेबलावर बसवलं होतं. 'जरा हलकं काम कर,' म्हणाले. काम खरंच हलकं होतं. इतकं हलकं, की दिवसभर डोकं रिकामं राहायचं आणि रिकाम्या डोक्यात तुझं ते वाक्य घुमायचं. अण्णांना पोचवून आल्यावर सगळे पांगले, तेव्हा अंगणात तू म्हणालास, "वादळ येणारच नव्हतं, तर बोंब कशाला मारलीस? दोरीवरचा टॉवेलसुद्धा हलला नाही इथे!" मी उत्तर द्यायला गेले आणि तोंडातून समुद्राचं तापमान बाहेर पडलं. तू उठून आत गेलास. मी रडले नाही, याचाही तुला राग आला असणार. माझं असंच होतं रे. इतरांचा गळा दाटतो, माझ्या तोंडी आकडे येतात. आज तेच जरा सावकाश सांगते.

समुद्र बरेच दिवस तापून राहिला की त्यावरची दमट हवा वर चढू लागते. वर जाऊन तिचे ढग होतात, ढग होताना ऊब सुटते, त्या उबेने आणखी हवा वर चढते. खाली दाब कमी होतो आणि चहूबाजूंनी वारा तिकडे धावतो. पृथ्वी फिरते आहे, म्हणून तो सरळ पोचत नाही, वळत वळत जातो आणि गरगरायला लागतो. सुरुवातीला आम्ही त्याला नुसतं कमी दाबाचं क्षेत्र म्हणतो. अशी कितीतरी क्षेत्रं येतात आणि विरून जातात. वारा एका ठरावीक वेगापुढे गेला की ते चक्रीवादळ ठरतं आणि त्याला नाव मिळतं. त्यापुढे तीव्र, मग अतितीव्र. या पायऱ्या वाऱ्याच्या आहेत, नुकसानीच्या नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वादळ आपल्या पायांनी चालत नाही. उंचावरचे मोठे वारे त्याला ढकलतील तिकडे ते जातं. म्हणून नकाशावर आम्ही एक रेघ काढत नाही, पुढे पुढे रुंद होत जाणारा पट्टा काढतो. त्या पट्ट्यात कुठेही ते येऊ शकतं, इतकंच आम्हाला कळतं.

त्या सकाळी आपलं घर पट्ट्याच्या मधोमध होतं. वादळ तीव्र झालं होतं, पुढे अतितीव्र व्हायची चिन्हं होती. साहेबांनी विचारलं, "तुझे आईवडील तिथेच ना? दुसऱ्या कुणाला बसवू का?" मी नको म्हटलं. किनारा रिकामा करा, असा इशारा माझ्या सहीने गेला. तू म्हणतोस, दुपारपर्यंत थांबायचं होतंस. दुपारपर्यंत उंचावरचे वारे बदलले, कोरडी हवा आत घुसली, वादळ ढिलं पडलं आणि वळून खुल्या समुद्रात गेलं. खरं आहे. पण त्या दिवशी दुपारी भरती होती आणि भरतीला खाडीवरचा रस्ता पाण्याखाली जातो, हे तुला मी सांगायला हवं का? तो रस्ता लहानपणी आपण दोघांनी चपला हातात घेऊन ओलांडलाय. दुपारी निघालेली माणसं पलीकडे पोचलीच नसती.

आता अण्णांचं. तू त्या दिवशी कामावर होतास, म्हणून शेजारच्या शिंपीणकाकूंनी मला सांगितलं ते तुला सांगते. अण्णांनी उभ्या जन्मात कुणाचं ऐकलं नाही. मला ढगवाली म्हणायचे. 'आमच्या ढगवालीला पाऊस कळतो, छत्री न्यायची तेवढी कळत नाही,' असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. त्या दिवशी इशारा आला तेव्हा ते बोटीचं इंजिन खोलून बसले होते. गल्लीत कुणी हलायला तयार नव्हतं. अण्णांनी हात पुसले आणि दारोदार जाऊन म्हणाले, "माझी पोरगी उगाच सांगायची नाही. चला, उठा." सगळी गल्ली त्यांच्या मागे निघाली. खाडीपलीकडच्या शाळेत पोचल्यावर काकूंनी सोबत आणलेलं शिलाई मशीन त्यांनी एकट्याने वरच्या मजल्यावर चढवलं. जिन्याच्या वळणावर टेकले आणि म्हणाले, "जरा दम खातो." काकू पाणी घेऊन आल्या, तोवर सगळं संपलं होतं. बाहेर तेव्हा ऊन पडायला लागलं होतं.

अण्णा माझ्या शब्दावर उठले. हे मी नाकारत नाही आणि विसरणारही नाही. तरी तीच सकाळ, तेच नकाशे पुन्हा समोर आले तर मी तीच सही करेन. हे वाचून तुला मी दगड वाटेन. वाटू दे.

काल मी हट्टाने पुन्हा वादळाच्या टेबलावर बसले. पत्र लिहायला घेतलं ते यासाठी, की समुद्रात पुन्हा कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय. अजून त्याला नाव नाही. कदाचित विरून जाईल. मावशी सांगत होती, आई म्हणते, "आता मी कुठे हलायची नाही. जे हलले ते गेले." आणि तूही गल्लीत सांगितलंयस, की यापुढे ताईचा इशारा आला तर खुशाल दारं लावून झोपा. गल्ली अण्णांचं ऐकायची, आता तुझं ऐकते. म्हणून एकच मागते. मला माफ करू नकोस, माझ्याशी बोलूही नकोस. पण इशारा आला तर खाली सही कुणाची आहे ते बघू नकोस. आईला उचल, ती ओरडली तरी उचल, आणि भरतीच्या आधी खाडी ओलांड. दारोदार जाऊन बाकीच्यांनाही उठव. मग ते वळून गेलं, टॉवेलही हलला नाही, तर मला फोन कर आणि तोंडाला येईल ते बोल. मी एक शब्द न बोलता सगळं ऐकून घेईन.

तू मान किंवा नको मानूस, तुझीच,
ताई