रोझामावशींचं लुगडं

वाशी, रविवार, डिसेंबर १९८२

आमच्या जुन्या चर्चच्या गळक्या छपरासाठी आज मेळा आणि प्रदर्शन होतं. शेजारच्या रोझामावशींनी आपलं लग्नातलं लुगडं नुसतं बघायला मांडलं होतं. मी ते एका बाईंना विकून टाकलं! मावशी पलीकडच्याच स्टॉलवर होत्या. विचारलं का नाही मी? भाव चांगला आला, एवढंच डोक्यात.

सांगितलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "छप्पर होईल ना? मग झालं." मग जरा वेळाने, हळूच, "मेल्यावर मला तेच नेसवा, असं लेकीला सांगून ठेवलेलं गं."

मी फाटकापर्यंत धावले. बाईंची गाडी निघून गेली होती.

साधं विचारायचं तरी!

शेवटी फादरनी सगळ्यांत चांगल्या विक्रीसाठी माझं नाव घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनीही.