संत्रा मंडीतली प्रॅक्टिस

पांढुर्णा, मंगळवार, १२ मे

आज पायलला कानामागं चेंडू लागला. नववीतली, माझ्या टीमची सगळ्यात चांगली बॅटिंगवाली. सुट्टीत शाळेचं मैदान बंद, म्हणून पोरींची क्रिकेट प्रॅक्टिस मी रिकाम्या संत्रा मंडीत घेऊन राहिली. तिथं सिमेंटची फरशी. चेंडू मातीपेक्षा किती तरी जास्त उसळतो, हे मला दिसत नव्हतं का? हेल्मेटं शाळेच्या कपाटात. सामन्यांशिवाय काढायची नाहीत, खराब होतात, हा नियम माझाच. अन् कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये.

डॉक्टर म्हणाले, नागपूरला न्या, पण त्या कानानं पुन्हा ऐकू येईल असं वाटत नाही. तिची आई माझा हात धरून म्हणे, "मॅडम, तुम्ही होत्या म्हणून बरं झालं जी."  मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसली.

येताना शाळेत जाऊन कपाट उघडलं. पाचही हेल्मेटं नवीकोरी; आल्यापासून एकही सामना झाला नाही, वरची प्लास्टिकची पन्नीसुद्धा काढलेली नाही. एक हातात घेतलं, धूळ पुसली. मग सवयीनं जागच्या जागी ठेवलं, कुलूप लावलं.

किल्ली पर्समध्ये आहे.