सासूबाई आणि पलीकडचा फुटपाथ

३ जानेवारी

सासूबाईंनी आज माझ्याच ऑफिसात माझी तक्रार केली! फोनवरून, आमच्याच हॉलमधून, मी शेजारी बसून भाजी निवडत असताना. "समोरचं सर्कल वॉकर घेऊन ओलांडता येत नाही. तिथली रस्त्यांची इंजिनिअर कोण आहे, तिला जरा जाब विचारा." ती इंजिनिअर मी.

आधी त्या एकट्या राहायच्या; खुब्याचं हाड मोडल्यापासून आमच्याकडे, घरातच आहेत. पलीकडचं वाचनालय खिडकीतून दिसतं, पण सर्कलभोवतीच्या गाड्या कुणासाठी थांबत नाहीत. मग दिवसभर लक्ष कुठे? माझ्या स्वयंपाकावर. नवरा म्हणतो, "तुमचं तुम्ही बघा."

त्या एकट्या बाहेर पडायलाच हव्यात. त्यांच्यासाठी — आणि माझ्यासाठीही.

९ जानेवारी

साहेबांपुढे नकाशा मांडला. फुटपाथला उतार, मध्ये थांबायला रुंद दुभाजक, गाड्या हळू व्हाव्यात म्हणून ओलांडायचा पट्टा उंच. साहेब म्हणाले, "एका सासूसाठी एवढं?"

म्हटलं, "घरोघरी एकेक आहे, साहेब."

लगेच सही केली. त्यांच्याही घरी असणार.

२० फेब्रुवारी

काम झालं, आज पाहणी. व्हीलचेअर आणली, पण बसायला कुणी तयार होईना. शेवटी हेडक्लार्क बसले आणि नवरदेवासारखे ऐटीत निघाले. दुभाजकाशी आले तर तिथे उतारच नाही, कंत्राटदार विसरला! हेडक्लार्क शांतपणे उठले, खुर्ची उचलून वर ठेवली, पुन्हा बसले आणि पुढे निघाले. पलीकडे पोचून म्हणाले, "काही अडचण नाही."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

२१ फेब्रुवारी

अहवालावर सही केली नाही. साहेब फुगलेत. घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "उद्या मला ने."

२२ फेब्रुवारी

नेलं. दुभाजकापर्यंत झकास आल्या आणि तिथेच थांबल्या. भर रस्त्यात. गाड्यांची रांग लागली.

सोबत आलेले हेडक्लार्क म्हणाले, "आजी, जरा पाय उचला की."

"पाय उचलता आला असता तर तुमचं काय काम होतं?"

हॉर्नवर हॉर्न. रांगेत साहेबांचीही गाडी! साहेबांनी उतरून तिथूनच कंत्राटदाराला फोन लावेपर्यंत सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. मला आज त्यांचा फार अभिमान वाटला. हे त्यांना सांगणार नाही.

१४ मार्च

उतार झाला. सासूबाई एकट्या गेल्या. मी खिडकीचे गज घट्ट धरून उभी. एक टेम्पो उंच पट्ट्यापाशी थांबला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, रस्ता स्वतःचाच असल्यासारख्या पलीकडे गेल्या.

परत येईपर्यंत मी मनासारखा स्वयंपाक केला. कुणी झाकण उघडून बघितलं नाही. सुख!

२९ मार्च

आता रोज जातात. तिथे मैत्रिणी जमल्यात. आज आल्या त्या जेवायच्या वेळेला. भाजीबद्दल एक शब्द नाही. आवडली की नाही, कळेना.

२ एप्रिल

सासूबाईंनी वाचनालयाशेजारी तळमजल्यावर खोली घेतली. एकट्या राहणार, पहिल्यासारख्या. "रागावून नाही गं जात," म्हणाल्या. "तू रस्ता केलास, आता माझं मला जमतं."

खरं तर सुटले म्हणायला हवं होतं. रडूच फुटलं. म्हटलं, "आई, नका ना जाऊ."