चाळीस माकडं आणि रावजींचं गाऱ्हाणं

ती. चारुदादास,

उल्काचा वाकून नमस्कार (कमरेत उसण भरली आहे, म्हणून अर्धाच). तुझा गुडघा बरा आणि वहिनींची साखर ताब्यात असेल, असं धरून चालते. बाग विकायच्या संमतीचा कागद पोचला. सही करणार नाही. 'माकडांनी उल्काला जेरीस आणलं' या गावगप्पांवर विसंबू नकोस, म्हणून सगळं लिहिते.

जेरीस आणलंय हे खरं आहे. आरे-वारेच्या डोंगरातून लाल तोंडाची वीसेक माकडं उतरतात आणि शहाळी कुरतडून खाली टाकतात. (मोर मिरच्या खातो, पण तो दिसायला बरा, म्हणून त्याला माफ.) फटाके झाले, गलोल झाली. शेवटी म्हटलं, बागेच्या राखणदार देवालाच गाऱ्हाणं घालावं. गावात गाऱ्हाणं घालायचा मान रावजींचा, वय ब्याऐंशी. नारळ ठेवला. शेजारची सोनूबाई, तिची सून दर्शना आणि मी हात जोडून उभ्या. रावजींनी सुरुवात झकास केली, "बा राखणदारा, ही माकडां..." आणि तिथेच अडखळले. मग साठ वर्षांच्या सवयीने जीभ आपल्या वाटेला लागली. लग्नकार्यात घालतात तेच गाऱ्हाणं! दारी येतील त्यांना उपाशी धाडू नको, यंदा आलेत त्याच्या दुप्पट येऊंदेत! आणि आम्ही तिघींनी (कान कुठे गहाण पडले होते कोण जाणे) एका सुरात "होय म्हाराजा!" म्हटलं.

तिसऱ्या दिवशी मोजली. चाळीस! रावजींना जाब विचारला तर हसून म्हणाले, "बाय गो, देव पावला हां!"

पण दादा, माकडं आली म्हणून बाग विकायची, तर डास आले म्हणून तुझं डोंबिवलीचं घर विकशील का रे? मी नारळांखाली सुरण आणि हळद लावली आहे; त्यांना माकडं तोंड लावत नाहीत. मी इथेच राहणार, बाग मागणाऱ्या त्या रिसॉर्टवाल्याला खुशाल सांग. तू मुद्दाम यायची काही गरज नाही, उगाच गुडघ्याला त्रास.

तुझी,
उल्का

ता. क. : रावजी म्हणतात, घातलेलं गाऱ्हाणं फिरवायचं तर घरातला वडील पुरुष समोर उभा लागतो. म्हणजे तुला यावंच लागेल.

ता. क. २ : रावजी असं काही म्हणालेले नाहीत. सहा वर्षं झाली तुला येऊन. फार आठवण येते रे. ये. सही मिळणार नाही.