तटबंदीतली वाट

मांजरी बुद्रुक,
मंगळवार

प्रिय मकबूल,

सलाम. नसीमभाभींचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि तुझ्या दुकानातली घड्याळं अजून प्रत्येकी वेगळी वेळ दाखवतात का, ते आधी कळव. आम्ही देवाच्या कृपेने बरे आहोत. (फोनच केला असता, पण फोनवर तू निम्म्यातच हसायला लागतोस. पत्र पुरं वाचावं लागतं.)

गेल्या गुरुवारी सकाळी पूजा आटोपली आणि मी तिथेच पाटावर बसून फोनवर एका अनोळखी माणसाच्या किल्ल्यावर हल्ला केला. आधी मनातल्या मनात त्याची क्षमा मागितली. तो कोरियाचा की कोल्हापूरचा, देव जाणे. माझी क्षमा मागून होईतो त्याच्या तोफांनी माझं निम्मं सैन्य झोपवलं होतं.

पन्नाशीला आलेल्या माणसाला हे काय सुचलं, असं तू म्हणशील. वैष्णवी जर्मनीला गेल्यापासून आम्हा बापलेकींचं बोलणं तीन प्रश्नांवर आलं होतं : जेवलीस का, थंडी आहे का, आईला देऊ का. मग तिने मला या खेळातल्या तिच्या पंधरा जणांच्या संघात घेतलं. आपला किल्ला बांधायचा, समोरच्या संघाचे फोडायचे. कप्तान तीच. तेव्हापासून पोरगी रोज अर्धा तास माझ्याशी बोलते. रागावूनच बोलते, पण बोलते.

आता संघाचा नियम असा, की सलग तीन लढायांत ज्याचा किल्ला पडेल तो बाहेर. (नियम तिचाच. बापाला सूट नाही. ही शिकवण माझी.) माझा दोनदा पडला आहे आणि तिसरी लढाई येत्या रविवारी. बाहेर गेलो की पुन्हा जेवलीस का, थंडी आहे का. म्हणून नेटाने अभ्यासाला लागलो. दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर श्री लिहिलं, रोज पहाटे तासभर सराव. सुहासिनी म्हणाली, "दहावीला एवढा अभ्यास केला असतात तर तुम्हीच जर्मनीला गेला असतात." हल्ला सुधारला, पण सरावातही किल्ला पडायचा तो पडतच राहिला. शेवटी वैष्णवीने तो उघडून पाहिला.

"बाबा, तटबंदीत ही फट कशाला ठेवलीत?"

"फट नाही गं, वाट आहे."

"कुणासाठी?"

"आतल्या माणसांनी जायचं-यायचं कुठून?"

"बाबा, आत माणसं नाहीत! शत्रूची सगळी फौज तिथूनच येते. पानं वाढायचीच काय ती बाकी ठेवलीत तुम्ही."

खरं होतं. पण मकबूल, आमच्या वावरातून म्हसोबाला जाणारी वाट तुला आठवत असेल. शाळा सुटली की आपण तिथूनच पळायचो. उभ्या उसातही आजोबांनी ती कधी मोडली नाही. वाट अडवणं त्यांच्या लेखी पाप. आता तिथे चौदा मजले आहेत आणि एक फाटक. मी रविवारी नारळ घेऊन जातो, तर फाटकावरचा माणूस वही पुढे करतो. "कुणाकडे?" मी 'म्हसोबा' लिहितो. "ओनर का टेनंट?" असंही त्याने एकदा विचारलं. मी ओनर लिहिलं.

हसून घे. पण ज्या कागदाने ते फाटक उभं राहिलं त्यावर सही माझी आहे, आणि वाट सोडा एवढं त्यात लिहून घ्यायचं मला सुचलं नाही. त्यामुळे खोट्या तटबंदीतही शेवटचा दगड बसवायला बोट धजेना. चार दिवस ते दगडावर जाऊन परत येत होतं.

आज सकाळी देवाला नमस्कार केला, आजोबांची माफी मागितली आणि वाट बुजवली. वैष्णवीला कळवलं. तिने "शाब्बास बाबा" म्हणून लिहिलं. इतकी वर्षं हे मी तिला म्हणत आलो.

तुझा,
हिंदुराव

ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. रविवारआधी कुणीतरी माझ्या किल्ल्यावर चाल करून पाहायला हवी, आणि बुद्धिबळात सातवीपासून मला हरवत आलेला माणूस तूच. तुझ्या अर्शियाकडून हा खेळ फोनवर घालून घे आणि शनिवारपर्यंत ये.

ता. क. २ : मागच्या अंगाला, मोठ्या तोफेच्या आड, एक माणूस जाईल एवढी वाट ठेवली आहे. तुला म्हणून सांगतो. वैष्णवीला बोलू नकोस.