तुझ्या भट्टीला भिंत नव्हती

माय, तुझ्या भट्टीला भिंत का नव्हती ते मला या पौषात समजलं, आणि समजण्यासाठी तुझ्या नातसुनेला दवाखान्यात न्यावं लागलं. तू गेलीस तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. तिनं तुला पाहिलं ते फक्त माझ्या तोंडून. आज लिहायला बसलोय ते त्यामुळेच.

हिंगणघाटची आपली भट्टी अजून डोळ्यांपुढे आहे. चार बल्ल्या, वर टिनाचा पत्रा, बाजूंनी सगळं उघडं. तू खाली कपाशीची वाळकी पऱ्हाटी सारते आहेस, कढईतली काळी वाळू झाऱ्यानं वरखाली करते आहेस, चणे उकलून फुटाणे होताहेत. वारा फिरला की सगळा धूर तुझ्या तोंडावर. एका हिवाळ्यात मी कापसाच्या जिनिंगमधून फाटकी पोती मागून आणली, सुतळीनं शिवली आणि वाऱ्याच्या अंगाला बांधून तुला आडोसा केला. वाटलं, माय आता जवळ घेईल. तू गिऱ्हाइकांदेखत ती ओढून काढलीस. "धुराले कोंडून मले मारतं का रे बाबू? राहू दे त्याले मोकळा. डोयात गेला तं समजते तरी." गिऱ्हाईक हसले. मी रुसलो, त्या दिवशी फुटाण्याला हात लावला नाही. निजताना तीच पोती झटकून तू माझ्या गोधडीवर घातलीस. ऊब आली, पण राग गेला नाही.

पुढे मी मिलच्या बॉयलरवर लागलो ते तुला ठाऊक आहे. तिथं काय जळतं ते मात्र कधी धड सांगितलं नाही. त्या बॉयलरच्या पोटात वाळूचा थर होता. खालून हवेचा जोर दिला की ती वाळू आंबिलीसारखी रटरटायची, आणि त्या उकळत्या वाळूत इंधन जळायचं. मला तर त्यात तुझीच कढई दिसली. शाळा अर्ध्यात सुटलेली, तरी साहेबांच्या मागे लागून, जुनी पुस्तकं चाळून मी ती वाळू शिकलो. पेटवताना आधी गॅस सोडायचे. थंड वाळूत गॅस नीट जळत नाही, बुडबुडे होऊन वर येतो आणि फटफट फुटतो. वाळू लाल झाली की आवाज बसतो, मग गॅस वाळूच्या आतच मुकाट जळतो. वाळू लाल होत नाही तोवर तिच्यावर विसंबायचं नाही, हा तिथला पहिला धडा.

निवृत्तीनंतर बोरगाव मेघेला घर बांधलं. मागं दोन म्हशी, त्यांच्या शेणावर गोबर गॅस. सूनबाईनं फुटाण्यांचा धंदा करायचं मनात घेतलं आणि मला म्हाताऱ्याला चेव आला. लोखंडी टाकीत वाळू, खालून पंख्याची हवा आणि गॅस, टाकीवर तुझ्यासारखीच कढई. पऱ्हाटी नाही, राख नाही, धुराची रेघ नाही. जाळ फार भडकला तर हवेतल्या नत्राचेही विषारी वायू होतात, वाळू उष्णता वाटून घेते आणि तेवढं भडकूच देत नाही, असं मी येईल त्याला ऐकवायचो. गोबर गॅसला सडक्या अंड्याचा वास असतो, म्हणून मधल्या नळीत लोखंडाचा कीस भरून तो वासही काढला. वाऱ्यानं कढई थंडावते, म्हणून तीन बाजूंनी भिंत घातली आणि समोर शटर. धूर गेला, वास गेला, वारा गेला. माझी छाती मात्र फुगून ढोल झाली होती.

संक्रांतीच्या तोंडावर मागणी वाढली तशी सून म्हणू लागली, "मामाजी, डोकं भणभणून राह्यलं." धूरच नाही तर डोकं दुखतं कशानं, असं म्हणून मी ते उडवून लावलं. मग पाय गळतात म्हणाली, मळमळतं म्हणाली. त्या वेळी शेजारची बाई चहाला बसली होती. तिच्यासमोर मी हसत हसत म्हटलं, "माह्या मायनं सारा जनम धुरात काढला, कधी हूं की चूं नाई केलं. तुमाले बिनधुराची भट्टीबी सोसत नाई." शेजारीण हसली. सूनही हसली, उठली, आत गेली आणि शटर खाली ओढून कढईपाशी बसली. ते शटर ओढल्याचा आवाज काही केल्या कानातून जात नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी करपल्याचा वास आला म्हणून गेलो. ती भिंतीला टेकलेली, झारा हातात, डोळे अर्धे उघडे. हाक मारली तर ओ नाही. शटर वर ढकललं, गॅस बंद केला, लेकाला बोलावलं, दोघांनी तिला अंगणात आणलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेल्यावर प्राणवायू लावला तेव्हा कुठे ओळखू लागली. डॉक्टरीणबाई नातीच्या वयाची. बंद जागेत काय जाळता म्हणून तिनं मला विचारलं. मी म्हटलं, गॅस, त्याचा धूर होत नाही. "म्हणूनच कळलं नाही, बाबा," ती म्हणाली. "कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही." माय, हा शब्द मला नवा नव्हता. मिलमध्ये नवी माणसं आली की मीच त्यांना तो शिकवत होतो.

फुटाणे करपू नयेत म्हणून ती गॅस बारीक करायची. मीच तसं सांगितलं होतं. गॅस बारीक झाला की वाळू लालाची काळी पडते आणि गॅस अर्धामुर्धा जळून वर येतो. तेव्हा फटफट आवाज व्हायचाच. मी ओट्यावर बसून तो ऐकायचो आणि वाटायचं, वा, फुटाणे काय छान फुटताहेत. उभा जन्म ज्या आवाजावर काढला तो मला घरच्या घरी ओळखू आला नाही.

ती घरी आली तोवर मी शटर काढलं होतं, दोन भिंती पाडल्या होत्या. तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "मामाजी, माफ करजा. आजीसारखं नाई जमलं मले." मला तिच्याकडे पाहवेना. चूक माझी, वाळूची, त्या भिंतीची, असं सगळं सांगितलं. तिनं मान हलवली, म्हाताऱ्याचं मन राखायला हलवतात तशी. तिच्या मनात तू उभी आहेस ना, कधी हूं की चूं न करणारी.

आणि तशी तू होतीस कुठे? डोकं चढलं की झारा कढईत टाकून सरळ उठायचीस. निंबाखाली ओला पदर तोंडावर घेऊन आडवी व्हायचीस. कोणी हटकलं तर, "गिऱ्हाईक थांबन, डोकं नाई थांबत." भर रस्त्यात माय अशी पडलेली पाहून मला शाळेतल्या पोरांपुढे मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून मोठेपणी मी दुसरीच माय घडवली, आणि तीच या पोरीच्या माथी मारली.

आज सकाळी ती उघड्या भट्टीपाशी उभी होती. वाळू लाल झाली, आवाज बसला, तेव्हा तिनं कढई चढवली. आजी इतका वेळ कशा बसायच्या, असं तिनं विचारलं.

"नव्हती बसत," मी म्हटलं. "डोकं चढलं का उठून जाये. निंबाखाली पडून राहे."

तिनं झारा थांबवला. "मंग आतापर्यंत काऊन नाई सांगतलं?"

"आत्ता आठोलं," म्हटलं.

तिनं खरं मानलं. थोड्या वेळानं गॅस बंद करून वाऱ्याला जाऊन बसली, माझ्याकडे न बघता. हा कागद तुझ्यापर्यंत जायचा नाही, आणि तिला दाखवायची माझी हिंमत नाही. म्हणून इथंच लिहून ठेवतो. माय, मी विसरलो कधीच नव्हतो.