विरोध असेल तर चहाला

मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार आधीच करून ठेवते, पुढचं वाचून तू तो घेशील की नाही कोण जाणे. गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की नुसती बाटलीकडे बघतेस? इकडे दुकानात गणवेशांचा ढीग पडलाय आणि मशीनचा पट्टा पुन्हा तुटलाय. नगरसेविका झाले तरी पट्टा मलाच बदलावा लागतो.

चार गल्ल्या सोडून राहतेस आणि मी पत्र लिहितेय, हसू नकोस. समोर आले आणि तू रडलीस, की मी काहीही कबूल करते. लहानपणापासूनची खोड.

आज पाण्याचा ठराव होता. पंपघर त्या खासगी कंपनीकडे आहेच, आता शहराचं सगळं पाणी, टाकीपासून नळापर्यंत, तीस वर्षं तिच्याकडे. चौकातले फुकटचे नळ बंद.

आमच्या सभेची रीत तुला ठाऊक नसेल. विरोध कुणी करत नाही. ज्याला पटत नाही तो मतदानाच्या वेळी चहाला बाहेर जातो. परत येईतो ठराव एकमताने मंजूर. कुणाशी वाईटपणा नको, आणि येऊन बसायला खुर्च्या मऊ. त्याही कंपनीनेच दिल्यात. बहुमत तर त्यांच्या खिशातच असतं, पण एकमत झालं की लोकांची सुनावणी घ्यावी लागत नाही, म्हणून त्यांना एकमत हवं.

परवा कंपनीचा तो गोडबोल्या साहेब दुकानात आला. धमकी नाही, काही नाही. आपल्या सोन्याचं नाव घेऊन म्हणाला, भाचा हुशार आहे तुमचा, पंपघरात त्याला कायम करायचं चाललंय, या आठवड्यात सही होईल. माझ्या शिलाईचंही कौतुक केलं. मेल्याला काज कशाशी खातात ते माहीत नसेल. संध्याकाळी तू आलीस. तो तुझ्याकडेही जाऊन आला होता.

"हो म्हण असं मी म्हणतच नाही," तू म्हणालीस. "तू फक्त चहाला जा."

मी मान डोलावली. ताई, मी खरंच जाणार होते गं. ठराव वाचून झाला, मी पर्स घेऊन उठलेही. तर शिपायाने माझ्यासाठी दार आधीच उघडून धरलेलं. बाहेर टेबलावर एकच कप भरून ठेवलेला, बिनसाखरेचा, मला लागतो तसा. इतका शीण आला म्हणून सांगू! माझं न पटणंसुद्धा यांनीच मांडून ठेवलं होतं. मी परत बसले आणि हात वर केला. अध्यक्षांना वाटलं, मला काही विचारायचंय. नंतर बोला म्हणाले. मी हात खाली घेतला नाही.

"बाई, हे काय?"

"विरोध. लिहून घ्या."

शूर झाले वगैरे समजू नकोस. अध्यक्षांकडे बघायचं मी टाळलंच, आणि शेजारच्या खुर्चीतले डॉक्टर नगरसेवक खुर्ची सरकवून लांब बसले. आता सुनावणी घ्यावी लागेल. तिथेही मंडप त्यांचाच असेल, टाळ्या वाजवणारेही त्यांचेच. पाणी वाचेल याची मला फारशी आशा नाही.

सोन्याच्या नोकरीची ती सही आता होणार नाही. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, पण पान भरत आलं तरी टाळत होते. कायम होणं तर राहूच दे, आहे तीही नोकरी जाईल. संध्याकाळी तो घरी येईल तेव्हा त्याला कळलेलं असेल. आधी त्याला जेवू घाल, मग माझं नाव काढ. दुखऱ्या गुडघ्याने तू माझ्यासाठी दारोदार मतं मागितलीस, आणि मी तुझ्याच पोराच्या पोटावर पाय दिला, तोही तुला न विचारता. विचारलं असतं तर जमलं नसतं. याहून बरं उत्तर माझ्याकडे नाही.

सुनावणी पुढच्या महिन्यात शाळेच्या पटांगणात आहे. तिथे कुणालाही उठून बोलता येतं. तू ये. माझ्या बाजूने बोल असं म्हणत नाही. या बाईने माझ्या पोराची नोकरी घालवली, असं चारचौघांत सांगायचं असेल तर तेच सांग. मी खाली मान घालून ऐकेन. पण ये.

तुझी, अजून म्हणत असलीस तर,
धाकटी